पडद्याखालचे जंगल

कर्वेनगर, पुणे
३ सप्टेंबर २००१

ती. स्व. मामा,

नमस्कार. पडदा पोहोचला. ट्रकवाल्याने गुंडाळी वाटेत कुठेतरी उभी ठेवली होती, पण भिजलेली नाही. लांबी अठरा फूट, उंची साडेअकरा. तुम्ही बारा लिहिली होती. मी दोनदा मोजली.

हे पत्र लिहायचे कारण, फोनवर बोलून काही होत नाही. मी बूथवरून तीन वेळा बोललो. तिन्ही वेळा तुम्ही "हो हो, पाहून घेऊ" म्हणालात आणि रिसीव्हर मुक्ता मामीच्या हातात दिलात. मामीने तिन्ही वेळा मला जेवलास का म्हणून विचारले. म्हणून आता लेखी.

पहिल्यापासून सांगतो, म्हणजे गोंधळ नको. आमचे संग्रहालय आपल्या झाडीपट्टीच्या कलेचे आहे. ज्यांची सॉफ्टवेअरची कंपनी आहे ते साहेब मूळचे ब्रह्मपुरीकडचे. त्यांनी कर्वेनगरात दोन मजले दिले आहेत. खाली तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल आणि दंडारीच्या नाचाचे पोशाख; वर नाटकांचे रंगवलेले पडदे. संक्रांतीला उद्घाटन आहे. मोठ्या भिंतीवर आजोबांचा, म्हणजे कचरू पेंटरांचा, जंगलाचा पडदा लागणार. उद्घाटन नीट पार पडले तर माझी नोकरी कायम होईल असे आमच्या संचालिका नम्रता मॅडम म्हणाल्या आहेत. लेखी दिलेले नाही.

आता अडचण. मुंबईहून एक तज्ज्ञ आले होते. त्यांनी कडेचा पोपडा पाहून सांगितले की वर दिसते ते जंगल एका हाताचे आहे, त्याखाली खडूचा पांढरा थर आहे आणि त्याच्याखाली दुसरे जंगल आहे. वरचे तुमचे आणि खालचे आजोबांचे, हे बरोबर का? मॅडमना आजोबांचे हवे आहे. त्यासाठी तुमचे जंगल खरवडून काढावे लागेल. तुमच्या परवानगीशिवाय ते करू नये असे मला वाटते. फॉर्म जोडला आहे. फुलीच्या जागी सही करायची. तिकीट लावलेले पाकीटही आत आहे. वीस तारखेपर्यंत यावे.

तुमचा
हिरामण


चिचटोला
१७ सप्टेंबर

चि. हिरामण,

आशीर्वाद. धान चांगलं आहे. वरच्या बांधीत करपा पडला होता, फवारलं. तुझ्या आईचा गुडघा पुन्हा धरला, ते तिनं तुला सांगितलं नसेल.

पडदा पोचला हे बरं झालं. गुंडाळी आडवी ठेवा, उंदीर पाहा. आता कोणी आपल्याकडे पडदा मागत नाही गा. कंपन्या लाइटवर नाटक करतात. म्हणून दिला.

खाली काही नाही. खडू असतो, तो सगळ्याच पडद्यांना असतो. त्या मुंबईवाल्याला सांग, खरवडायचं नाही.

तुझ्या पाकिटाचं तिकीट मामीनं काढून दुसऱ्या पत्राला लावलं. म्हणून हे कार्ड.

बापूराव


कर्वेनगर, पुणे
२५ सप्टेंबर २००१

ती. स्व. मामा,

कार्ड मिळाले. फॉर्म मिळाला नाही, कारण तुम्ही तो पाठवलेला नाही.

"खाली काही नाही" हे बरोबर नाही. तज्ज्ञांनी खोलीत अंधार करून बाजूने दिवा धरला आणि मला स्टुलावर चढवून दाखवले. तुमच्या सागाच्या झाडाच्या पोटातून दुसऱ्या झाडाच्या फांद्या उठून दिसतात. मी बारावी नापास आहे, पण आंधळा नाही.

माझी इथे काय अवस्था आहे ते तुम्हाला कळावे म्हणून सांगतो. प्रत्येक वस्तूची नोंद संगणकात करायची असते. त्यात "कलाकार" असा रकाना आहे. तो भरल्याशिवाय यंत्र पुढे सरकत नाही, आणि दोन नावे टाकली की लाल अक्षरांत काहीतरी इंग्रजी येते. कंपनीतला अभिनव नावाचा मुलगा, ज्याने हे बनवले, त्याला विचारले तर म्हणतो, "बॉस, एका पेंटिंगला एकच आर्टिस्ट असतो ना? सिंपल आहे." त्याला मी काय सांगू? पडदा महिना होत आला, नोंदीवाचून पडून आहे. मॅडम रोज विचारतात.

आमच्याकडे फ्रेमा करायला दादामियाँ येतात. भवानी पेठेतले, सत्तरीचे आहेत. त्यांना तुमचे कार्ड वाचून दाखवले. म्हणाले, "हिरामणराव, मामा झाडीचे नाहीत हो, अस्सल पेठेतले आहेत. विचारलं एक, सांगितला भाताचा भाव."

मामा, स्पष्ट विचारतो, रागावू नका. तुमचे काम पुसले जाईल आणि नाव फक्त आजोबांचे राहील, म्हणून तुम्ही अडवत आहात का? तसे असेल तर पाटीवर तुमचेही नाव घालायला मी मॅडमना सांगेन. खाली तीन प्रश्न आहेत. फक्त त्यांची उत्तरे द्यावीत.

१. खालचे जंगल आजोबांनी कोणत्या साली रंगवले?
२. त्यावर तुम्ही दुसरे का रंगवले?
३. वरचे काढायला तुमची हरकत का आहे?

हिरामण


चिचटोला
९ ऑक्टोबर

हिरामण,

१. चौऱ्याहत्तर.
२. खराब झालं होतं.
३. हरकत आहे म्हणून आहे.

नावाची हाव मला असती तर मी सत्तावीस वर्षांत एका तरी पडद्यावर नाव टाकलं असतं. आपल्यात पडद्यावर मंडळाचं नाव असते, पेंटरचं नाही. हे तुला ठाऊक आहे आणि तरी तू मामाला असं लिहितोस. पुण्याला जाऊन शुद्धलेखन तेवढं शिकलास बाप्पा.

बाबांचं जंगल झाकलेलं बरं आहे. झाकलेलं राहू दे. तुमच्याजवळ भिंत आहे तर माझं लाव, नाहीतर काही लावू नको, गुंडाळून परत पाठव. भाडं मी देईन.

फवारणी झाली.

बापूराव


कर्वेनगर, पुणे
२२ ऑक्टोबर २००१

ती. स्व. मामा,

हे पत्र मी चार वेळा लिहिले. हे पाचवे.

तुमचे उत्तर आले त्याच्या आदल्या दिवशी पडद्याला खिडकी पाडली. खिडकी म्हणजे वरचा रंग दोन तळहातांएवढा काढून खाली पाहायचे. परवानगी देणगीदाराची लागते. देणगीदार म्हणून कागदोपत्री तुम्ही नाही, मी आहे. ऑगस्टमध्ये ट्रक आला तेव्हा पावती त्याच दिवशी करायची होती. देणगीच्या कागदावर तुमची सही आलेली नव्हती, म्हणून मी माझे नाव लिहिले. नंतर बदलू असे ठरवले होते. मॅडमनी ती पावती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "अरे, तूच तर डोनर आहेस. मग मामांची कसली वाट बघतोस?" मी सही केली. फक्त खिडकीपुरती. तसे मी सहीखाली लिहिलेही आहे.

तुम्ही अडवत होता आणि कारण सांगत नव्हता. मी करायचे तरी काय होते?

आता काय निघाले ते ऐका. खाली झाड आहे. खोड, फांद्या, पाने सगळे अगदी आजोबांच्या हातचे. फक्त पाने लाल आहेत. गेरूची लाल. आणि खाली जिथे माती असायला हवी तिथे पोपटी-हिरवे.

मॅडमनी दिवा जवळ धरून पाहिले. मग सगळ्यांना फोन. दुसऱ्या दिवशी कंपनीतली माणसे गळ्यात ओळखपत्रे अडकवून जेवणाच्या सुट्टीत बघायला आली. एकजण म्हणाला, "सत्तरच्या दशकात, खेड्यात, हे? अनबिलीव्हेबल!" साहेबही आले. मॅडम म्हणतात, मोठमोठे शिकलेले चित्रकार जे करायला धजले नाहीत ते तुझ्या आजोबांनी केले. झाड हिरवे असते हेच त्यांनी नाकारले.

आता त्यांना सगळा पडदा उघडायचा आहे. मधला खडू सुटा आहे, तज्ज्ञ म्हणतात महिन्याभरात होईल. त्याचीही सही माझीच लागणार. मी अजून केलेली नाही. मॅडम दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरते बोलत आहेत.

मी सही केली तर तुमचे जंगल जाईल. ते परत येणार नाही. नाही केली तर इथे माझे काय होईल ते मला माहीत नाही. पण मामा, लाल पानांचे जंगल "खराब झाले होते" म्हणजे काय? एकदा तरी सरळ सांगा.

हिरामण


चिचटोला
२ नोव्हेंबर

चि. हिरामण,

तुझं पत्र मुक्तानं वाचलं, मग मी वाचलं. ती म्हणाली, आता सांगून टाका. लाल झाडं गावानं पाहिली होती, पण ती कशी झाली हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. तुझ्या आईलाही नाही.

बाबांनी झाड हिरवं असते हे नाकारलं नव्हतं. त्यांना दिसत नव्हतं.

काचबिंदूनं त्यांचे डोळे बहात्तरमध्येच गेले होते. उजेड आणि सावली एवढंच समजायचं. तरी पडदे रंगवत. जंगल त्यांनी जन्मात पन्नासदा तरी रंगवलं असेल. भिंतीला मांजरपाट ताणलं की वीत घालून मोजायचे, इथे खोड, इथे फांदी. रंग करवंट्यांत असायचे. नऊ करवंट्या, उजव्या हाताशी रांगेनं. पहिली पांढरी, दुसरी पिवळी, तिसरी हिरवी, असं करत आठवी गेरूची आणि नववी काळी. तीस वर्षं तीच रांग. हात आपसूक जायचा. रंग कापडाला धरावा म्हणून मी सरस उकळायचो, रंग कालवायचो आणि करवंट्या भरून ठेवायचो.

त्या साली दिवाळीनंतर आपल्या गावच्या मंडईची जत्रा होती, रात्री नाटक. दोन दिवस आधी सकाळी मी करवंट्या धुतल्या, रंग भरले आणि परत मांडल्या. तिसरीच्या जागी आठवी गेली आणि आठवीच्या जागी तिसरी. मग मी नागभीडच्या बाजाराला गेलो आणि मुक्कामानं राहिलो. घरात बायका होत्या, त्यांनी झाडं लाल होताना पाहिली. पण बाबांच्या कामात कोणी बोलत नव्हतं. पेंटर आहेत, काही मनात असेल, असं समजून गप्प बसल्या.

मी दुसऱ्या दिवशी आलो तर अंगणात गाव जमलेलं. पोट्टे खिदळून रायले होते. एकजण ओरडला, "कचरू पेंटर, जंगलाले वणवा लागला का गा?" बाबा ओसरीवर बसून विचारत होते, काहून हसतात? मुक्तानं सांगितलं, शेळीनं सरपंचाचं धोतर खाल्लं.

मी पडदा खळ्यात नेला. दुपारभर खडूचा हात दिला, वाळवला, आणि जंगल रंगवलं. तो माझा पहिला पडदा. नाटकाच्या वेळेला तयार होता. लोक म्हणाले, वा!

पडदा नेण्याआधी बाबांनी तो मागवला. जवळ नाक नेलं. बोटानं चाचपला. एवढंच म्हणाले, "सरस जास्त झाला." त्यानंतर त्यांनी कुंचल्याला हात लावला नाही. दोन वर्षांनी गेले.

आता तू लिहितोस की तिथं लोक हसत नाहीत. तर मग काढा माझं. सही कर. सत्तावीस वर्षं मी ते जंगल पाहिलं नाही, मलाही पाहायचं आहे. पण परक्या माणसाच्या हातानं नको, मी येतो. मळणी झाली की नागपूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं निघतो. मला घ्यायला स्टेशनवर ये, मला तुमच्या रिक्षावाल्यांचं काही समजत नाही.

आणि पाटीवर खरं लिही. करवंट्या कोणी बदलल्या ते लिही.

बापूराव


कर्वेनगर, पुणे
१८ जानेवारी २००२

ती. स्व. मामा,

तुम्ही नीट पोहोचलात हे मामीच्या फोनवरून कळले. (मी जेवलो.)

तुम्ही उद्घाटनाच्या दुपारी चारच्या गाडीने निघून गेलात, त्यामुळे पुढचे तुम्हाला माहीत नाही. पण आधीचे तुमच्या डोळ्यांसमोर झाले, आणि माझ्या डोक्यातून ते अजून जात नाही. डिसेंबरातले वीस दिवस तुम्ही दादामियाँशेजारी स्टुलावर बसून स्वतःचीच झाडे खालच्या खडूसकट नखाने उडवत होता, तेव्हा मला वाटले होते की आता सगळे सरळ होईल.

मी मोजले आहे. तुम्ही उद्घाटनाला अकरा जणांना सांगितलेत. मॅडमना, साहेबांना, अभिनवला, दोन वार्ताहरांना आणि इतरांना. "धाडस नाही जी, माझ्यामुळं करवंट्यांची अदलाबदल झाली," हे वाक्य मी अकरा वेळा ऐकले. अकराही जण हसले. साहेबांनी तर तुमच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, "हाच आपल्या मातीचा विनय!" दुसऱ्या दिवशी एका वार्ताहराने छापले: पुत्राची विनोदबुद्धीही पित्याइतकीच तल्लख.

पाटीवर काय छापले ते तुम्ही पाहिलेत. "दृश्य वास्तव धुडकावणारी धाडसी रंगदृष्टी." मी मॅडमकडे गेलो. म्हटले, हे खरे नाही, मामांनी सगळे सांगितले आहे, त्यांचे पत्र आहे.

"हिरामण, तुझे मामा साधे आहेत. त्यांना वडिलांचं मोठेपण पेलत नाही, म्हणून ते असं काहीतरी सांगतात."

"पण मॅडम, आजोबांना दिसत नव्हतं."

"ते मी घालते. 'दृष्टी गमावल्यावरही.' उलट छान वाटेल."

"आणि करवंट्या?"

"करवंट्या कोण वाचणार?"

मी म्हटले, मी वाचेन. त्यावर त्या म्हणाल्या, तुझ्या कायमच्या आदेशाचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे, जरा धीर धर. हे त्यांनी का सांगितले ते मला कळले, मामा. एवढा मी अडाणी नाही.

बाहेर आलो तर दादामियाँ पाटीची चौकट ठोकत होते. म्हणाले, "तुमचे मामा वीस दिवस माझ्या शेजारी बसले. रोज लाल पान निघालं की थांबायचे. मी काही विचारलं नाही. खोटं बोलणारा माणूस इतका वेळ थांबत नाही हो." मग खिळा वाकडा गेला म्हणून मलाच बोलले.

पाटी माझ्या हातात नाही. संगणकही नाही, त्याच्या रकान्यात चाळीसच अक्षरे मावतात. पण जाड नोंदवही माझ्या हातात आहे. तिच्यात शाईने लिहायचे आणि खोडायचे नाही असा नियम आहे. वर्षातून एकदा साहेबांचा हिशेबनीस फक्त पानांचे आकडे बघतो. तिच्यात मी काल पूर्ण नोंद केली. उतारा असा:

"क्र. ११४. जंगलाचा पडदा, लांबी अठरा फूट, उंची साडेअकरा. कचरू लांजेवार यांनी १९७४ साली, दृष्टी गेलेली असताना रंगवला. त्यांचे चिरंजीव बापूराव यांच्याकडून रंगांच्या करवंट्यांची जागा चुकून बदलली गेल्यामुळे झाडे गेरूची व जमीन हिरवी झाली. बापूराव यांनी त्याच साली त्यावर दुसरे जंगल रंगवले. ते त्यांनी डिसेंबर २००१ मध्ये स्वतःच्या हाताने काढले. देणगीदार: बापूराव लांजेवार. (पूर्वीच्या पावतीवरील हिरामण नाकाडे हे नाव माझी चूक.)"

कागद जोडला आहे. वाचून सही करून पाठवावा. पाकिटावरचे तिकीट मामीला दाखवू नये.

हिरामण


चिचटोला
२७ जानेवारी

चि. हिरामण,

नोंद वाचली. मुक्तानंही वाचली. अक्षर सुरेख आहे. साल बरोबर, माप बरोबर, देणगीदाराचंही बरोबर केलंस. तुझ्या नोकरीचा कागद आला नाही तर इकडे ये, धानाची बांधी आहे, आम्ही आहोत.

सही कागदाच्या मागे केली आहे, कारण पुढे एक शब्द चूक आहे. "चुकून" काढ. वहीत खोडता येत नसेल तर खाली दुसरी ओळ लिही.

मी एकतीस वर्षांचा होतो तेव्हा. दोन पोरींचा बाप. तोवर बाबांनी मला आभाळाचा निळासुद्धा लावू दिला नव्हता. डोळे गेले, तरी नाही. गाव मला सरसवाला म्हणायचं. त्या सकाळी मी तिसरी करवंटी उचलली, आठवी उचलली, आणि दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभा होतो.

नागभीडला त्या दिवशी बाजार नव्हता.

बापूराव